फार लवकर जन्मलेलं लेकरू आणि त्याची पुढची वाढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबाजोगाईच्या आसपास मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते. केज, धारूर, परळी, अहमदपूर, गंगाखेड इकडून फोन येतात. कधी आई बोलते, कधी आजी, कधी गावची आशाताई. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते एका जागी लिहून ठेवले. भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. हे वाचून तपासणी टाळू नका. कधी जायचं आणि गेल्यावर काय विचारायचं, हे कळावं म्हणून हे लिहिलं आहे.

१. आमचं लेकरू सातव्या महिन्यातच झालं. डॉक्टर 'फार लवकर झालं' म्हणतात, म्हणजे नेमकं किती लवकर?

दवाखान्यात महिने नाही, आठवडे मोजतात, आणि तेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. ३७ आठवडे भरायच्या आत झालेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. २८ भरल्यानंतर पण ३२ भरायच्या आत झालेलं फार लवकरचं, आणि २८ च्याही आतलं अतिशय लवकरचं. पुढची उत्तरं मुख्यतः ३२ आठवड्यांच्या आतल्या बाळांसाठी आहेत.

नुसतं वजन सांगून भागत नाही. दीड किलोचं बाळ ३० आठवड्यांचं असू शकतं, तसंच पोटात नीट न वाढलेलं ३६ आठवड्यांचंही असू शकतं. दोघांचं पुढचं वेगळं असतं. डिस्चार्ज कार्डावर आठवडे लिहिलेले नसतील तर घरी निघण्याआधी लिहून घ्या. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. शाळेत घालतानाही ते लागतं.

२. सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही म्हणतात. खरं आहे का?

नाही. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फुप्फुसांना, मेंदूला आणि डोळ्यांना उपयोगी पडतो. आठव्या महिन्यातल्या बाळाला सातव्यातल्यापेक्षा चांगलीच संधी असते. या समजापायी आठव्या महिन्यातल्या बाळाला पेटीत ठेवायला उशीर केलेला मी पाहिला आहे, म्हणून एवढं ठामपणे लिहिते.

३. म्हणजे आता लेकरू अपंग होणारच का?

नाही. धोका जास्त आहे, पण बहुतेक मुलं चालतात, बोलतात, शाळेत जातात. फ्रान्समध्ये २०११ साली लवकर जन्मलेल्या मुलांवर देशभर लक्ष ठेवलं गेलं. दोन वर्षांच्या वयाला सेरेब्रल पाल्सी २४ ते २६ आठवड्यांच्या मुलांत सुमारे ७ टक्के आणि २७ ते ३१ आठवड्यांच्या मुलांत सुमारे ४ टक्के आढळली. हे आकडे तिथल्या सोयींचे आहेत. आपल्याकडे पेटीपर्यंत पोचायला गेलेला वेळ, वाटेतला गारठा, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग यांनी हिशेब बिघडतो. तरीही पारडं मुलाच्याच बाजूनं झुकलेलं असतं.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालीवरचा ताबा बिघडणं. २४ ते ३२ आठवड्यांत मेंदूच्या आतल्या पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग फार नाजूक असतो. रक्तदाब खालीवर झाला, श्वास थांबला, संसर्ग झाला की आधी तोच दुखावतो. पायांकडे जाणाऱ्या तारा या पोकळ्यांना अगदी लागून असतात, त्यामुळे अशा मुलांचे हात बरे आणि पाय ताठ असं चित्र पुष्कळदा दिसतं. मेंदूची ही इजा वाढत जात नाही. पण हाडं वाढतात, स्नायू आखडतात, म्हणून लक्ष दिलं नाही तर त्रास वाढतो.

आणि सेरेब्रल पाल्सी म्हणजे मतिमंदत्व नव्हे. अशा मुलांपैकी साधारण निम्म्यांची बुद्धी व्यवस्थित असते. बोलता येत नाही म्हणून समजत नाही, असं घरात कुणीच धरून चालू नये.

४. बाळाचं वय कुठून मोजायचं? जन्मतारखेपासून की दिलेल्या तारखेपासून?

दोन्ही वयं लागतात, कामं वेगळी. समजा बाळ २९ आठवड्यांत झालं, म्हणजे ११ आठवडे, जवळपास अडीच महिने आधी. आज ते आठ महिन्यांचं असेल तर त्याचं दुरुस्त वय साडेपाच महिने. मान धरणं, पालथं पडणं, बसणं, रांगणं, बोलणं हे सगळं दुरुस्त वयानं बघायचं, ते दोन वर्षांपर्यंत. जावेचं पूर्ण दिवसांचं आठ महिन्यांचं बाळ बसतं आणि आपलं बसत नाही, म्हणून जीव जाळू नका.

वरचं अन्नही दुरुस्त वयाचे सहा महिने झाल्यावर. चार महिन्यांतच सुरू केल्यानं वाढ जास्त झाली नाही, उलट दवाखान्यात दाखल व्हायची वेळ जास्त आली, असं भारतातच झालेल्या अभ्यासात दिसलं आहे.

लसी मात्र जन्मतारखेनुसारच. 'लहान आहे, थोडं मोठं होऊ द्या' म्हणून थांबू नका. अशा बाळांना डांग्या खोकला, न्यूमोनिया जास्त जड जातात.

एक सावधगिरी. दुरुस्त वयानं थोडा उशीर समजावून सांगता येतो, पण ताठ पाय किंवा एकच हात वापरणं नाही. ते प्रश्न ७ मध्ये पाहा.

५. बाळ दिव्याकडे बघतं, डोळे चांगले दिसतात. तरी डोळ्यांची तपासणी कशाला?

कारण हा आजार बाहेरून दिसतच नाही. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पोटात शेवटच्या महिन्यांत पूर्ण होतात. बाळ आधीच बाहेर आलं, त्यात ऑक्सिजन लागला, तर त्या वाकड्यातिकड्या वाढतात आणि पडदा ओढून सोडवू शकतात. याला आरओपी म्हणतात. एकदा पडदा सुटला की दृष्टी परत मिळवणं फार अवघड. वेळेत सापडलं तर लेझरनं किंवा डोळ्यातल्या इंजेक्शननं बहुतेक डोळे वाचतात.

आपल्या देशातला नियम सोपा आहे: ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं प्रत्येक बाळ, जन्मापासून तीस दिवसांच्या आत. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमहून कमी असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. हे दिवस जन्मतारखेपासून मोजायचे, घरी आल्यापासून नाही. इथेच घोळ होतो. पंचविसाव्या दिवशी सुट्टी होते, घरी बारशाची तयारी, सव्वा महिना पाळायचा, आणि तारीख निघून जाते. सव्वा महिन्याचं कारण सांगून उशिरा आलेल्या एका आईचा चेहरा मला अजून दिसतो. तिला जिथून सुट्टी मिळाली तिथे ही तारीख कुणी सांगितलीच नव्हती. म्हणून सुट्टी घेताना विचारा: पडद्याची तपासणी झाली का, पुढची कधी, कुठे? कागदावर लिहून घ्या. पडद्याचा डॉक्टर तिथे नसेल तर घाटी (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय), लातूर, नांदेड यांपैकी कुठे पाठवता हे विचारा. एकदा बघून 'ठीक' म्हटलं तरी रक्तवाहिन्या पूर्ण होईपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी परत बोलावतात. शेवटची तारीखही चुकवू नका.

६. टाळी वाजवली की दचकतं. मग कानांची बेरा (आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का, ती तपासणी) कशाला करायची?

टाळीचा वारा लागतो, सावली हलते, हादरा बसतो. बाळ त्यानंही दचकतं. शिवाय मोठा आवाज ऐकू येतो आणि हळू बोलणं येत नाही, असंही असतं. जास्त दिवस पेटीत राहणं, व्हेंटिलेटर, मोठी कावीळ, काही अँटिबायोटिक्स यांनी अशा बाळांच्या ऐकण्याला धोका असतो. एक महिन्यापर्यंत चाळणी, तीन महिन्यांपर्यंत निदान, सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू, ही तीन मुदतींची पद्धत जगभर मानतात. पेटीत राहिलेल्या बाळासाठी नुसती ओएई ही चाळणीची तपासणी पुरत नाही, कारण ती कानाची खबर देते, कानापासून मेंदूपर्यंतच्या नसेची नाही. बेराच मागा.

७. आमचं बाळ सहा महिन्यांतच पायांवर ताठ उभं राहतं. लवकर चालणार ना?

हा फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण पलीकडे सगळे खूश असतात. काखेत धरल्यावर पाय काठीसारखे ताठ होतात, टाचा टेकत नाहीत, पाय कात्रीसारखे एकावर एक येतात. ही ताकद नसते. स्नायूंचा ताण वाढल्याची ती खूण असू शकते. त्याच आठवड्यात दाखवा.

तसंच दुरुस्त वयाच्या चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट मिटलेल्या राहणं, मान न धरणं, लंगोट बदलताना मांड्या उघडायला जड जाणं, सारखं मागे धनुष्यासारखं ताणणं. वर्षाच्या आत 'हा डावखुरा होणार' असं वाटणंही: एवढ्या लहान बाळानं दोन्ही हात सारखे वापरायला हवेत, एकच हात पुढे येत असेल तर दुसऱ्याला काय झालं ते बघायला हवं. दुरुस्त नऊ-दहा महिन्यांत आधाराशिवाय न बसणं, दीड वर्षापर्यंत न चालणं. आणि नजर न देणं, हाक मारल्यावर न वळणं, आधी येत असलेलं काही विसरणं. झटके, आकडी आली तर त्याच दिवशी दवाखाना, कांदा हुंगवत बसू नका.

८. 'एक वर्ष वाट बघा, होईल हळूहळू' असं सांगतात. थांबू का?

थांबू नका. माझ्याकडे अडीच वर्षांचा एक मुलगा आला. पाचव्या महिन्यापासून आई सांगत होती, पाय कडक आहेत. एका ठिकाणी तिला वर्ष होऊ द्या म्हणाले, मग दीड वर्ष होऊ द्या म्हणाले. पहिल्या दोन वर्षांत मेंदू नवी वाट काढायला सगळ्यात तयार असतो, आणि तीच दोन वर्षं त्याची वाट बघण्यात गेली. आता तो काठीनं चालतो. आईचं बरोबर होतं.

सेरेब्रल पाल्सीचा दाट संशय आता दुरुस्त वयाच्या सहा महिन्यांच्या आत घेता येतो. दुरुस्त तीन महिन्यांच्या सुमाराला निरोगी बाळाच्या अंगभर बारीक, गोल, सतत चाललेल्या हालचाली दिसतात. त्या नसणं ही मोठी खूण आहे. हे व्हिडिओवरूनही ओळखता येतं, आणि लांबच्या खेड्यासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. बाळ जागं, शांत, पोट भरलेलं असावं. उताणं, अंगावर कमी कपडे, हातात खेळणं नाही, तोंडात चोखणी नाही, आपण त्याच्याशी बोलायचं नाही. मोबाईल वरून धरून तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि याचं प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांना किंवा थेरपिस्टला दाखवा.

एरवी दुरुस्त वयाचे तीन, सहा, नऊ, बारा, अठरा आणि चोवीस महिने झाल्यावर तपासणी करून घ्या, आणि शाळेत घालण्याआधी एकदा. ती जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, मोफत होते. हे केंद्र राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आहे. २०१३ साली या कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. बाळ घरीच असेल तरी त्या दिवशी अंगणवाडीत घेऊन जा आणि पेटीत होतं हे सांगा. वाट बघायची पाळी आलीच तर व्यायाम सुरू करून वाट बघा. व्यायामानं नुकसान नाही.

९. मालिश, शेक-धुरी, बाळगुटी, पांगुळगाडा: यातलं काय चालतं?

मालिश चालते, हलक्या हातानं, वजन वाढू लागल्यावर, खोबरेल तेलानं. तंगड्या ओढून डोक्याला लावणं, उलटं धरणं, नाकाकानात तेल सोडणं नको. धुरी अजिबात नको, या बाळांची फुप्फुसं आधीच दुखावलेली असतात. चुलीपासूनही लांब ठेवा. बाळगुटी, मध, काजळ नको.

शेकाची ऊब हवी असेल तर बाळाला उघड्या छातीशी धरा. कांगारू पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडत होत्या म्हणून सुरू झाली, आणि आज जागतिक आरोग्य संघटना दिवसात आठ तास किंवा त्याहून जास्त वेळ ती करायला सांगते. आईच हवी असं नाही, बाप धरू शकतो, आजी धरू शकते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात, पत्र्याच्या घरात मात्र जपून: बाळाचं पोट, मान गरम लागली तर वरचं कापड काढा, सावलीच्या थंड खोलीत बसा. टोपी-मोजे घालून दुपट्यात गुंडाळलेलं बाळ उन्हाळ्यात तापतं.

पांगुळगाडा, म्हणजे आत बसवायचा चाकांचा वॉकर, नको. त्यात पोर चवड्यांवर रेटा देतं, ताठ पायांना तीच सवय लागते, आणि पडून डोक्याला मार बसतो तो वेगळाच. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे.

१०. थेरपीला रोज शहरात कसं यायचं? एका दिवसाची मजुरी जाते.

रोज यायची गरज नाही. माझ्या टेबलावरच्या अर्ध्या तासापेक्षा घरातले बारा तास मोठे आहेत. पाय नुसते ओढून, वाकवून मूल शिकत नाही. ते स्वतः धडपडतं तेव्हा शिकतं. म्हणून दर खेपेला थेरपिस्टकडून एकच गोष्ट मागा: पुढच्या पंधरा दिवसांत याला काय जमलं पाहिजे, आणि त्यासाठी घरात काय करू?

दोन भिंतींच्या कोपऱ्यात बसवलं की पाठीला आधार मिळतो आणि हात मोकळे राहतात. समोर परातीत वाटी-चमचा ठेवा. बाजेची कड धरून उभं राहायला चांगली असते, तिच्यावर भाकरीचा तुकडा ठेवा, म्हणजे उभं राहायला कारण मिळतं. मोठं झाल्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडायला द्या, दोन्ही हात लागतात. सगळं त्याच्या हातात आणून देऊ नका. हे आजींना सगळ्यात जड जातं, मला माहीत आहे.

ताण वाढलेला असेल तर पायाला स्प्लिंट (आधाराची पट्टी), स्नायू सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शनं, काही वेळा ऑपरेशन लागतं. जी मुलं चालत नाहीत त्यांच्या खुब्याचा एक्स-रे ठरावीक काळानं काढायलाच हवा. सेरेब्रल पाल्सीच्या सुमारे एक तृतीयांश मुलांचा खुबा हळूहळू सरकतो, आणि सुरुवातीला दुखत नाही म्हणून कळतही नाही.

११. आम्ही दसऱ्यानंतर ऊस तोडायला कारखान्याला जातो, उन्हाळ्यात परत. तोवर बाळाचं काय?

बीड, धारूर, केजकडून हा प्रश्न दर सप्टेंबरात येतो. बाळ पहिल्या वर्षातलं असेल आणि आजीजवळ ठेवणं जमत असेल, तरी आईचं दूध तुटतं. सोबत नेलं तर कोपीतला, म्हणजे तिथल्या झोपडीतला, गारठा आणि धूर. मी कुणाला सरळ उत्तर देऊ शकत नाही, कारण उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते. पण निघण्याआधी तीन कामं होऊ शकतात. डोळ्यांची तपासणी पूर्ण संपली, हे लिहून घ्या. संपली नसेल तर निघू नका, या एकाच बाबतीत मी हट्ट धरते. डिस्चार्ज कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्या आणि फोनमध्ये फोटो ठेवा. लस आणि बाल स्वास्थ्य पथक कोल्हापूर, सांगली, सोलापूर कुठेही मिळतं, आपला जिल्हा नाही म्हणून परत पाठवता येत नाही. आणि थेरपिस्टशी व्हिडिओचा वार ठरवून जा.

१२. डोक्याची सोनोग्राफी नॉर्मल आली. मग काळजी मिटली ना?

बरीचशी, पूर्ण नाही. टाळूतून केलेल्या सोनोग्राफीत रक्तस्राव चांगला दिसतो, पण पांढऱ्या भागातली बारीक इजा सुटू शकते. उलट, रिपोर्टवर पहिल्या-दुसऱ्या श्रेणीचा रक्तस्राव लिहिलेला असला तरी त्यातली पुष्कळ मुलं छान वाढतात. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत धोका खूप वाढतो आणि डोक्याचा घेर दर आठवड्याला मोजावा लागतो. रिपोर्ट कसाही असो, प्रश्न ८ मधल्या तपासण्या चुकवायच्या नाहीत.

१३. दोन वर्षांचा झाल्यावर 'एकदम नॉर्मल' म्हणाले. आता दुसरीत आहे, गणित जमत नाही, जागेवर बसत नाही. याचा त्याच्याशी संबंध आहे का?

असू शकतो, आणि हे शाळेत कुणाला सुचत नाही. दोन वर्षांच्या तपासणीत चालणं-बोलणं दिसतं. लक्ष टिकवणं, फळ्यावरचं बघून वहीत उतरवणं, बटण लावणं, आकड्यांची जागा लक्षात ठेवणं, या गोष्टींची परीक्षा शाळेतच होते. फार लवकर जन्मलेल्या मुलांत यातलं काहीतरी अडण्याचं प्रमाण सेरेब्रल पाल्सीपेक्षा खूप जास्त आहे. अशी मुलं बहुधा दंगेखोर नसतात, गप्प बसून हरवतात, म्हणून मास्तर 'आळशी' म्हणतात. स्वमग्नताही या मुलांत थोडी जास्त दिसते.

आधी नजर आणि कान पुन्हा तपासा, पुष्कळदा चष्माच लागलेला असतो. मग वर्गशिक्षकांना डिस्चार्ज कार्ड दाखवून सांगा. पहिल्या बाकावर बसवणं, एका वेळी एकच सूचना, लिहायला कमी आणि तोंडी जास्त, एवढ्यानंही फरक पडतो. वाचन-लेखन-गणितातली अक्षमता साधारण आठव्या वर्षानंतरच नक्की ठरवता येते. दाखला मिळाला तर दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.

पहिलीत घालण्याची घाई करू नका. दिलेल्या तारखेला जन्मलं असतं तर जे मूल पुढच्या वर्षी शाळेत गेलं असतं, त्याला एक वर्ष अंगणवाडीत जास्त राहू द्या.

१४. अपंगत्वाचा दाखला काढावा का? लोक नावं ठेवतील.

काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, अंधत्व, श्रवणदोष, स्वमग्नता, शिकण्यातली अक्षमता सगळे त्यात येतात. ४० टक्के किंवा जास्त असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, एसटीत सवलत, तहसीलमधून संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी, नाव नोंदवून जिल्हा रुग्णालयात तपासणीला जायचं. लहान वयात मिळणारा दाखला बहुधा तात्पुरता असतो, मुदत संपली की पुन्हा तपासणी. मूल सुधारलं तर टक्केवारी कमी होईल, दाखला म्हणजे कपाळावरचा शिक्का नाही. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 'निरामय' विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही धरतात.

१५. पुण्या-मुंबईत स्टेम सेलचं इंजेक्शन देतात म्हणे. जमीन विकून करू का?

नका विकू. सेरेब्रल पाल्सीवर स्टेम सेल सिद्ध झालेला उपचार नाही. भारताच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाच्या चाचणीबाहेर तो द्यायला परवानगी नाही, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले, तिथेच उत्तर मिळालं. दाबाच्या ऑक्सिजनचंही तेच, फायदा सिद्ध झालेला नाही. तो पैसा स्प्लिंट, चष्मा, कानाचं यंत्र आणि जाण्यायेण्यासाठी ठेवा.

१६. जुळी आहेत. एक पळतं, दुसरं अजून बसत नाही. दिवस तर सारखेच भरले होते.

आठवडे सारखे असले तरी दोघांचं पोटातलं पोषण, जन्मानंतरचा श्वास, संसर्ग वेगळे असू शकतात. एकाला झालं म्हणजे दुसऱ्याला होणार असं नाही, आणि एक चांगला आहे म्हणून दुसराही होईल अशी वाट बघू नका. प्रश्न ७ दोघांसाठी वेगवेगळा वाचा.

१७. सासरचे म्हणतात, सुनेनं जड उचललं म्हणून झालं. पुढच्या वेळी पुन्हा असंच होईल का?

बाईला दोष देऊ नका. लवकर कळा येण्यामागे संसर्ग, वाढलेला रक्तदाब, जुळी, रक्त कमी असणं, कोवळं वय, दोन बाळंतपणांत कमी अंतर अशी कारणं असतात, आणि पुष्कळदा नेमकं कारण सापडतच नाही. नवव्या महिन्यापर्यंत ऊस तोडायला लागणं ही तिची चूक कशी होईल? त्या घरातल्या प्रत्येकानं ते ठरवलेलं असतं.

पुढच्या वेळी पुन्हा लवकर होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, हे खरं. म्हणून आधीच्या बाळंतपणानंतर निदान दोन वर्षांनी दिवस राहू द्या, रक्त वाढवून घ्या, आणि पहिल्याच भेटीत सांगा की आधीचं इतक्या आठवड्यांत झालं होतं. कळा लवकर सुरू झाल्या तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. ३२ आठवड्यांच्या आत असेल तर मेंदूच्या बचावासाठी मॅग्नेशियम सल्फेटही देतात, त्यानं सेरेब्रल पाल्सीचा धोका कमी होतो. पुढे पाठवणार असतील तर निघण्याआधी विचारा, 'फुप्फुसाच्या इंजेक्शनचा पहिला डोस दिला का?' बाळंतपण होईल त्याच ठिकाणी नवजात बाळांचा कक्ष असेल असं बघा, कारण पेटी हवी असलेल्या बाळासाठी आईचं पोट हीच सगळ्यात सुरक्षित गाडी आहे. नंबर १०८ आणि १०२, दोन्ही फुकट.